जॅमवर मारलेले चार बोल्ट

सांगते त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. माझ्या कवळीची शपथ, वरच्या आणि खालच्या दोन्हींची. कानातल्या दोन्ही यंत्रांची शपथ. त्या दिवशी मांडीवर डब्यात होता त्या आलुबुखाराच्या केकची शपथ. लेकाची शपथ घेत नाही, कारण लेक या गोष्टीत आहे, आणि गोष्टीतल्या माणसाला शपथेतही ओढलं की बिचारा दोन्हीकडून अडकतो. आमच्या बिल्डिंगमध्ये तळापासून सहाव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे की रोसविटा उलिश फेकते. मागे लिफ्ट बंद पडली तेव्हा बाहेर येऊन मी सांगितलं होतं की तीन तास आत होते, सोबत एक टपालवाला होता आणि त्याने मला लग्नाचं विचारलं. वीस मिनिटं होते. टपालवाला नव्हता. पण ते वेगळं, हे वेगळं. हे मी मोठ्याने सांगते, पलीकडच्या फ्लॅटला ऐकू जायचं तर जाऊ दे.

नोव्हेंबरातला शनिवार, दुपारचे सव्वातीन. मी फाल्ककडे कॉफीला निघाले होते. फाल्क माझा एकुलता एक मुलगा, अठ्ठावन्न वर्षांचा, बायको सोडून गेलेली, केमनिट्सच्या दुसऱ्या टोकाला राहतो आणि लोकांच्या कानात ऐकायची यंत्रं बसवतो. माझ्याही कानात त्यानेच बसवलीत. ट्राम मध्येच थांबली. चालवणारी बाई म्हणाली, पुढे कुणीतरी रुळावर मोटार लावून पाव आणायला गेलंय, दारं उघडता येणार नाहीत, बसून राहा. बसून राहण्याशिवाय काय करणार. काचेवर सगळ्यांचा श्वास साचला. समोर एक टकला माणूस, पायाशी खिळ्यांच्या दुकानाची पिशवी, आणि त्याचा फोन वाजला. फोनवर शिट्टी होती. वाफेच्या इंजिनाची, तीन सुरांची. पहिला सूर खाली, दुसरा त्याच्या खांद्यावर चढलेला, आणि तिसरा वर जाता जाता जरासा ओलसर फाटलेला. तो माझा गळा होता. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की माणसाला ओळखू येत नाही म्हणतात, पण लेकाने बसवलेली यंत्रं आवाज थेट मेंदूत नेऊन ठेवतात, तिथे ओळख चुकत नाही. माणसाने फोनवर कुणाला तरी सांगितलं, अडकलोय, येतो. मग माझ्याकडे बघून म्हणाला, माफ करा, जरा मोठाच आहे. मी म्हटलं, छान आहे, कुठला आवाज हा?

"चारशे सातचा," तो म्हणाला, जसं काही चारशे सात कोण हे जगाला माहीत असतं. "गेममधला आहे. आमच्या इकडचंच इंजिन होतं ते. तो तिसरा सूर ऐकलात ना, आजी? वाफेत पाणी आलं की तसं होतं. तेवढं खोटं करता येत नाही."

खोटं करता येत नाही. त्या दिवशी मला कफ झाला होता.

चारशे सात म्हणजे माझ्या नवऱ्याचं इंजिन. एकार्ट उलिश, इंजिनचालक, चोपाउ नदीच्या खोऱ्यातल्या फाट्यावर अकरा वर्षं तेच इंजिन चालवत होता. फाल्कने ते इंजिन कॉम्प्युटरवर पुन्हा बांधलं. असे लोक असतात, मला आधी माहीत नव्हतं. जुनी इंजिनं, जुने डबे, भंगारात गेलेलं सगळं ते गेममध्ये उभं करतात, फुकट, स्वतःच्या रविवारांवर, आणि मग दुसरे तसलेच लोक ती घरी बसून चालवतात, वेळापत्रकाने. फाल्कला नऊ वर्षं लागली. रिव्हेट एकेक करून बसवले. काळा रंग नुसता काळा नाही म्हणाला, आई, त्यात तेल आहे, राख आहे, चुनखडी आहे, चाकाजवळचा काळा वेगळा आणि धुराड्याजवळचा वेगळा. दर रविवारी फोन. आई, कोळशाचं फावडं कुठे टांगलेलं असायचं. आई, बाबांच्या बसायच्या फळीवर गादी होती का. मला काय माहीत, मी त्या इंजिनावर आयुष्यात दोनदा चढले, दोन्ही वेळा तो जेवणाचा डबा विसरला म्हणून. पण विचारलं की माझ्या तोंडाला थांबणं माहीत नाही. गादी होती म्हटलं, हिरवी, एक कोपरा जळका. आता ती गादी नऊ हजार लोकांच्या बुडाखाली आहे.

ट्राम हलत नव्हती. टकल्या माणसाने पिशवीतून खिळे काढून मोजले आणि परत ठेवले. मला उठून त्याला सांगावंसं वाटलं, अहो, ती मी आहे. मग वाटलं, हा हसेल, आणि घरी जाऊन सांगेल की ट्राममध्ये एक म्हातारी म्हणत होती मी इंजिनाची शिट्टी आहे. खरं बोलले तरी थापच निघेल, अशी माझी गत.

शिट्टीचं कसं झालं ते सांगते. आमचं घर रेल्वेचं, रुळापासून तीस पावलांवर, खोल खिंडीच्या तोंडाशी. डोंगरावर फुप्फुसाच्या रुग्णांचं आरोग्यधाम होतं, आणि त्या माणसांना झोप लागायला हवी म्हणून खिंडीत शिट्टी वाजवायची मनाई होती, जीव वाचवायचा असेल तर तेवढीच. एकार्ट दिवसातून दोनदा तिथून जायचा, चार बाराला वर आणि सहा पाचला खाली. लग्न नवं होतं तेव्हा मी खिडकीत उघडपणे उभी राहायची. मग पडद्यामागे. उघडपणे उभं राहिलं की भीक मागितल्यासारखं होतं, पडद्यामागे तसं होत नाही, निदान बाहेरून. इंजिन यायचं, खिडकीची काच थरथरायची, कपाटातल्या बशा एकमेकींना लागायच्या, आणि इंजिनाच्या आमच्याकडच्या बाजूला त्याचा कोळसा टाकणारा जोडीदार असायचा, तो काळा हात हलवायचा. रोज. त्या हाताचा मला इतका राग यायचा. चालकाची जागा पलीकडे, नदीच्या बाजूला, हे मला कळत होतं, मूर्ख नव्हते. पण अलीकडे यायला लागतात किती, दोन पावलं. अकरा वर्षं, दिवसातून दोनदा, त्या माणसाने दोन पावलं टाकली नाहीत. घरी यायचा, हात धुवायचा, बटाटे चांगले शिजलेत म्हणायचा. वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही. नियमाच्या पुस्तकाला इस्त्री केलेले कपडे घालावेत तसा माणूस. एकदा मी विचारलं, एकदाच वाजवलीस तर काय होईल? तो म्हणाला, "वर माणसं झोपलेली असतात, रोसविटा." एवढंच. मी बशा आवरल्या.

एकाहत्तर सालच्या मार्चमध्ये, नाही, चौऱ्याहत्तर, एकाहत्तरला फोटो काढला, ते पुढे सांगते, चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये तो डेपोच्या मोरीत मानेला साबण लावता लावता गेला. हृदय. फाल्क सात वर्षांचा. दफन झालं, पाहुणे गेले, उरलेला केक सुकला, आणि एका दुपारी चार बाराला मी सवयीने पडद्यामागे जाऊन उभी राहिले. आलं इंजिन, चालवणारा दुसराच. फाल्क माझ्या एप्रनला धरून होता. त्याने विचारलं, आई, बाबांना माहीत होतं का आपण इथे उभे असतो ते? आता तुम्ही सांगा, काय सांगायचं. मला तेव्हा खरंच उत्तर माहीत नव्हतं. मी म्हटलं, माहीत नसायला काय झालं, शिट्टी वाजवायचे ना. तो म्हणाला, मला नाही आली ऐकू. म्हटलं, हळू वाजवायचे, वर आजारी माणसं, फक्त आपल्यापुरती; तू पडद्यात डोकं घालून नाचत असायचास, तुला कुठलं ऐकू येणार. हळू कशी वाजवायचे? मग काय, एकदा पाय घातला की चिखल मांडीपर्यंत. दुसरी छोटी शिट्टी बसवली होती, म्हटलं, एल्बे नदीवरच्या भंगारातल्या बोटीची, बॉयलरवरच्या घुमटाच्या बाजूला, स्वतःच्या हाताने. आणि ओठ मिटून मी ती गुणगुणली. तीन सूर. कुठून आले देव जाणे. बहुतेक चर्चमधल्या कुठल्या तरी भजनाची शेपटी असेल.

मी त्याला तेव्हा खूप काही सांगितलं. बाबांच्या इंजिनाचा धूर एका हिवाळ्यात गोठला आणि झाडूने पाडावा लागला. एक गाय पुढच्या फळीवर उभी राहून तीन स्टेशनं आली आणि उतरताना तिने तिकीट मागितलं. बापाशिवाय झोपायचं असतं पोराला, त्याला काहीतरी पांघरायला लागतं. दहा वर्षांचा होईस्तोवर गाय गेली, धूर गेला, सगळं गळून पडलं, आई फेकते हे त्याने हसून मान्य केलं. शिट्टी तेवढी राहिली. त्यात गाय नव्हती, बर्फ नव्हता. ती इतकी लहान होती की खोटी असण्याचं कारणच नव्हतं. आणि सगळ्यात वाईट सांगू? महिनाभरात त्याला ती आठवायलाच लागली. आई, एकदा बाबांनी दोनदा वाजवली होती ना, माझ्या वाढदिवसाला. मी म्हटलं, हो. त्या नियमाच्या माणसाने आयुष्यात एकच नियम मोडला, तोही आपल्यासाठी. माझ्या मुलाला बापाकडून घड्याळ नाही मिळालं, चेहरा नाही आठवत, मिळाला तो हा एक मोडलेला नियम.

मग पंचेचाळीस वर्षांनी, गेममधल्या इंजिनाला ती शिट्टी हवी म्हणून, त्याने मला त्याच्या दुकानातल्या कान तपासायच्या खोलीत बसवलं. कपाटाएवढी खोली, चारी बाजूंनी करड्या फोमचे दात, जाड दार. दार लागलं की आपलंच रक्त ऐकू येतं. काचेतून तो दिसत होता, बोट वर करून, आता गा. तिथे मी सांगू शकले असते. कुणालाही ऐकू गेलं नसतं, फक्त त्याला, हेडफोनवर. त्याचं बोट वर होतं आणि तोंडावर तो सात वर्षांचा भाव होता, आणि मी गुणगुणले, आणि कफ आला, आणि तिसरा सूर फाटला. त्याने डोळे पुसले. मग त्याने माझे सूर यंत्रावर मोजले, वाफ मिसळली, पितळ मिसळलं, एल्बेवरच्या बोटींच्या कुठल्या तरी जुन्या यादीत जवळ जाणारे सूर शोधून काढले, पाव सूर कमी पडतो तो गंजामुळे म्हणाला, आणि झालं. आता कुणीही विचारलं तर शास्त्रीय पुरावा होता.

दुसरा पुरावा फोटो. एकाहत्तरच्या ऑक्टोबरात दिराचा कॅमेरा घरी होता, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून चारशे सातचा एक फोटो काढला. एकार्ट दिसत नाही, काळा हात दिसतो. तो फोटो चुलीजवळच्या फळीवर उभा असायचा आणि एका शरदात आलुबुखाराचा जॅम ढवळताना एक थेंब उडून त्याच्यावर बसला, बरोबर घुमटाच्या बाजूला. पुसू म्हटलं, राहिलं. सुकला, काळा झाला, चकाकला. त्या बाजूने त्या इंजिनाचा दुसरा फोटो जगात नाही. फाल्कने तो कापसाचे हातमोजे घालून घेतला, मोठा केला, भिंतीएवढा केला, आणि जॅमच्या थेंबात त्याला शिट्टी बसवायची बैठक दिसली. थेंबात साखरेचे चार कण होते. ते चार बोल्ट झाले. त्यावर त्या लोकांच्या चर्चेची चाळीस पानं आहेत: बोल्ट चार की तीन, डोकं षटकोनी की चौकोनी. फाल्कने वाचून दाखवली होती, मी स्वेटर विणत होते, एक आख्खी बाही उलटी विणली.

चाळीस पानांत एकच माणूस विरुद्ध होता. डीट्से नावाचा, दूर समुद्राकाठी श्ट्रालझुंडला राहणारा भूमितीचा निवृत्त मास्तर, मी त्याला रिव्हेटमोज्या म्हणते. त्याने लिहिलं होतं की फोटोत हँडलची सावली आहे, घुमटाची आहे, जोडीदाराच्या हाताचीसुद्धा आहे, मग या बैठकीची सावली कुठाय? फाल्क लाल झाला. मी म्हटलं, असतात काही माणसं खडूस. पण मनातल्या मनात त्या मास्तराशी माझं लग्नच लागलं. आख्ख्या जगात तो एकटा खरं बोलत होता आणि माझ्याच टेबलावर त्याला शिव्या पडत होत्या.

हे सगळं गेममध्ये राहिलं असतं तर मी निभावलं असतं. गेम बंद केला की संपला. पण खरं चारशे सात सापडलं. एका बंद पडलेल्या धुलाईखान्यामागे, वर्षानुवर्षं पाणी तापवायला वापरलेलं, सोलून काढलेलं, नुसता बॉयलर आणि चाकं. हौशी लोकांच्या मंडळाने ते घेतलं, आणि ते पुन्हा उभं करायला त्यांच्याजवळ नकाशे नाहीत, होतं ते फक्त फाल्कचं गेममधलं इंजिन. त्यावर बघून ते खरं लोखंड कापताहेत. हिरवी गादी शिवून आली, कोपरा जाळून घेतला. शिट्टी ओतायची तेवढी राहिली होती, कारण डीट्सेने मंडळालाही पत्र लिहिलं. तेव्हा मंडळ म्हणालं, त्या काळच्या एका माणसाची लेखी साक्ष लागेल. सही लागेल. त्या शनिवारी मी केक घेऊन निघाले होते ती त्या सहीसाठी. सही केली की माझा कफ पितळेत उतरणार, आणि मी मेल्यावरही खिंडीत वाजत राहणार. नाही केली की अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचा बाप त्याच्याकडून काढून घ्यायचा, कॉफीबरोबर.

मोटारवाला पाव घेऊन आला, सगळ्यांकडे हात हलवला, ट्राम सुटली. मला ती सुटायला नको होती. टकला माणूस उतरताना म्हणाला, चला आजी, सुटलो एकदाचे.

फाल्कने टेबल मांडून ठेवलं होतं. पांढरे कप, मलई फेटलेली, आणि बशीच्या शेजारी कागद, कागदावर पेन. प्लास्टिकच्या पाकिटात फोटो. त्याने केक कापला, माझ्यासाठी काठाचा तुकडा, मला तोच आवडतो. म्हणाला, सही नंतर, आधी तुला एक दाखवायचंय, तू कधी बसलीच नाहीस. त्याच्या झोपायच्या खोलीत आता पलंग भिंतीला उभा करून ठेवलाय आणि मधोमध तीन पडदे, लाकडी खोक्यातून निघालेले दोन दांडे, एक दोरी, आणि एक उंच स्टूल, एकार्टच्या फळीइतकं उंच. मी बसले. पाय लोंबकळले. एकाहत्तरचा ऑक्टोबर, चार वाजून सात मिनिटं. समोर खोरं उघडलं. ती झाडं नव्हती तशी, पानं जरा चिकटवल्यासारखी होती, पण उजेड तो होता. फाल्क मागे उभा राहून दांडा हळूहळू ओढत होता. मी स्टुलावरून डावीकडे बघत होते, घर कधी येतंय. पूल गेला, दगडी भिंत आली. डावीकडे बॉयलर. मी वाकले. बॉयलर. आणखी वाकले, फाल्कने मला दंडाला धरलं, पडशील म्हणाला. म्हटलं, घर कुठाय? तो म्हणाला, "आत्ता चाललंय की, आई. पण त्यांच्या जागेवरून नाही दिसत."

आणि त्याच क्षणी उजवीकडे नदीच्या वळणावर सिग्नल आला. दोन सेकंद. वळणाआडून निघतो आणि झाडाआड जातो, बघितला नाही तर गेला. म्हणजे नेमका आमच्या खिडकीसमोरून जाताना एकार्टचा डोळा नदीकडे बांधलेला. खाली येतानाही तेच, फाल्क म्हणाला, इंजिन फिरवत नाहीत, उलटं येतं, चालक नदीच्याच बाजूला, तिकडूनही एक सिग्नल आहे. दोन पावलं टाकली असती तर त्या दोन सेकंदांत आख्खी गाडी आंधळी. अकरा वर्षं. दिवसातून दोनदा. मी त्या माणसावर रुसून बटाटे वाढले, पाठ करून झोपले, त्याच्या दफनाला जे रडले त्यातही थोडा राग होता, आणि त्याला तिथून दिसतच नव्हतं. त्याने कधी सांगितलं नाही. मी तरी कुठे विचारलं, का बघत नाहीस म्हणून. मी विचारलं ते शिट्टीचं. स्टुलावर बसून मला वाटलं की आता सांगता येईल. आता सांगायला खरं काहीतरी आहे माझ्याकडे, खोटं काढून घेतलं तर त्या जागी ठेवायला. मी तोंड उघडलं. आणि फाल्क मागून, अगदी सहज, कपातली साखर ढवळावी तसा म्हणाला:

"दिसत नव्हतं म्हणून तर शिट्टी, नाही का."

आणि दोरी ओढली. खोलीच्या चारी कोपऱ्यांतून मी वाजले.

मग त्याने बाहेरून दाखवलं, घराच्या बाजूने. खिडकी होती, आत दिवा, निळ्या चौकड्यांचा पडदा, तसाच, इंजिन गेल्यावर जरा हलला. म्हटलं, आत कुणी नाही? तो म्हणाला, माणसं मला जमत नाहीत, आई. नुसता पडदा केलाय.

टेबलापाशी आलो. कॉफी निवली होती. मी पेन उचललं आणि परत ठेवलं. म्हटलं, फाल्क, ऐक. आणि सांगितलं. शिट्टी नव्हती. कधीच नव्हती. तू विचारलंस तेव्हा तू एवढासा होतास आणि मला दुसरं काही सुचलं नाही. मी पाकिटातून फोटो काढला, हातमोज्यांशिवाय, बोट जिभेला लावलं आणि घुमटाच्या बाजूला घासलं. अर्ध्या शतकाचा जॅम, पण सुटला. बोट चाटलं तर अजून गोड. फोटोत घुमटाशेजारी नुसतं आकाश राहिलं. फाल्कने त्या जागेवर वाकून बघितलं. मग त्याचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता, हसता हसता डोकं टेबलावर टेकलं. "चार बोल्ट," म्हणाला, "आई, मी जॅमवर चार बोल्ट मारले." मग रडलाही थोडा. मग मी त्याला स्टुलावरून काय दिसलं ते सांगितलं, सिग्नलचं, दोन सेकंदांचं, आणि तो म्हणाला की हे शिट्टीपेक्षा चांगलं आहे. उद्याच डीट्सेला लिहितो म्हणाला, माफी मागतो. कागदाची त्याने चौघडी केली आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. केकचा काठाचा दुसरा तुकडाही त्याने मलाच दिला. घरी जाताना ट्राम एकदाही थांबली नाही.

कवळीची शपथ घेतली आहे, तेव्हा आता सरळ बोलते. ट्राम खरी, टकला माणूस खरा, कफ खरा. जॅम खरा. नदीकडचा सिग्नल खरा, तो मी मंडळाच्या माणसाला वेगळा विचारून घेतला, अजून खांब उभा आहे. एकच गोष्ट मी मनाची घातली. पेन उचललं ते परत ठेवलं नाही. फोटो पाकिटातच आहे, चारी बोल्टांसकट. रोसविटा उलिश, माहेरचं नाव झायफर्ट, सही झाली, आणि वाचता येते.

शिट्टी हिवाळ्यात ओततील. मे महिन्यात चारशे सात पहिल्यांदा खिंडीतून जाईल, चार बाराला, आणि दोरी फाल्क ओढणार आहे. आरोग्यधाम कधीच बंद झालंय, आता मनाई करायला वर कुणी नाही. आमच्या त्या घरात जे राहतात त्यांना फाल्कने विचारून ठेवलंय, आई त्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिली तर चालेल का. चालेल म्हणालेत, भली माणसं आहेत. फक्त त्यांच्या खिडकीला पडदा नाही. निळ्या चौकड्यांचं कापड मी आणून ठेवलंय, शिवायला घेतलंय.